आईचं दूध आणि माझे पाय

६ जाने. १९९४
माझ्या पायांना आज नाव मिळालं. हाडवाला मणका म्हणाला, वैद्य वात म्हणाला, शेजारची मालू करणी म्हणाली. आजचे डॉ. म्हणाले, एचटीएलव्ही. विषाणू. काहींच्या पाठीच्या कण्यात घुसतो, पायांची लाकडं करतो, लघवीला थांबू देत नाही. औषध नाही; गोळ्यांनी ताठरपणा जरा सैल. बहुतेकांच्या अंगात जन्मभर गप्प बसतो म्हणे. माझ्यातला बोलका निघाला.
नर्सने कागद वाचला, एड्सच समजली, हातमोजे चढवले आणि माझ्या गळ्यात मंगळसूत्र शोधू लागली.

९ जाने.
डॉ.चे प्रश्न. रक्त चढवलंय? नाही. नवरा? नाही. (संपात बाबांची गिरणी बंद, माझी शाळेतली नोकरी चालू. घर चालवताना लग्न राहिलं ते राहिलं.)
"मग लहानपणी दुधातून आला असणार. भावंडं?"
धाकटी कुसुम, भोईवाड्यात. तिची लेक वैशाली तिच्याकडेच बाळंतपणाला आलीय, दिवस भरत आलेत. डॉ.चं पेन थांबलं. "त्या मुलीचं रक्त तपासा. बाळाला पाजायच्या आधी."

१० जाने.
कुसुमला सांगितलं. आईसमोर सांगितलं, हा माझा मूर्खपणा.
"ताई, आईच्या दुधाला विष म्हणतेस? जिभेला काही हाड?"
आई खोलीभर ओरडली, "अर्धी चाळ माझ्या दुधार वाढली! कोणाचे पाय गेले, सांग!" मग जेवली नाही. डिलाईल रोडवरच्या आमच्या एवढ्याशा खोलीत न जेवलेली आई फार जागा व्यापते.
जाताना कुसुम जिन्यात हळूच म्हणाली, "वैशूच्या सासरी कळलं तर? रक्तात काहीतरी आहे म्हटल्यावर काय आहे ते कोण विचारत बसणार?"
हे मात्र खरं.

१५ जाने.
संक्रांत झाली. आईने चाळीत सगळ्यांना तिळगूळ दिला, मला नाही. आज कुसुम आलेली असताना, मटार सोलता सोलता, आई अचानक बोलली.
"तुका मी खंय पाजलंय? माझी सकाळची पाळी. तुका खालच्या सुंदरान पाजल्यान."
तेव्हा असंच. गिरणीत निम्म्या बाया सकाळी, निम्म्या दुपारी. जी घरी असेल तिने जे रडेल त्याला घ्यायचं. आई छाती ठणकत घरी यायची, मी पोट भरून झोपलेली, मग ती सुंदराच्या पोराला पाजायची. सतराजणींनी वाढवलेली मी, आणि तपासायचं एकट्या वैशालीला!
"सुंदरा कुठे असते आता?"
"गावाक मेली. शेवटाक खुरडत चलायची." आणि पुढची शेंग उचलली.
कुसुम खूश. "म्हणजे आमचा काही संबंधच नाही!"
मी आईला विचारलं, कुसुमला कोणी पाजलं?
"मीच." दोन शेंगांनंतर, "माका टायफॉइड झालेलो, तेवढे दिस सोडून."
घ्या.

२२ जाने.
वैशालीने शाळेत फोन केला. "मावशी, उद्या चल माझ्याबरोबर. आईला बोलू नकोस."

२३ जाने.
रक्त दिलं. ते आणखी कुठेतरी जाणार, तिथून रिपोर्ट येणार. खिडकीवरच्या माणसाला विचारलं, लवकर नाही का मिळणार? म्हणाला, "बाई, घाई काय आहे?" मी त्याला वैशालीचं पोट दाखवलं.
डॉ. म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत न पाजलेलं बरं, पण निर्णय तिचा. परतताना ती मला धरून चालत होती. कोणाचे दिवस भरलेत ते रस्त्यावरच्या लोकांना कळेना.

२९ जाने.
मुलगी झाली. रिपोर्ट नाही. वैशालीने डॉक्टरांना सांगून वरचं दूध सुरू केलं. कुसुमला सगळं कळलं.
"तू कधी कुणाला पाजलंयस का, ताई? मग शिकवतेस कशाला?"
लागलं.

१ फेब्रु.
रिपोर्ट? "मशीन बंद आहे." कधी सुरू होईल? "मॅडम, मशीन आहे."
संध्याकाळी भोईवाड्यात. आईने अळिवाचे लाडू पाठवलेत, भरपूर दूध यावं म्हणून. वैशाली मोरीत पाठमोरी उभी राहून दूध पिळून टाकत होती. झंपर ओला. बाळ बाटलीला तोंड लावेना. कुसुम भांडी आपटत होती.
"मावशी, माझ्यात नसलंच तर?"
"तर हे सगळं फुकट गेलं."
"आणि असलं तर?"
"तरी तुला काही होणार नाही, बहुतेक. तिलाही नाही, बहुतेक."
"तुला खात्री आहे?"
"नाही."
निघायला उठले. उजवा पाय जमिनीला चिकटल्यासारखा, उचलेचना. वैशाली माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायाकडे बघत होती. पलीकडे बाळ रडायला लागलं. तिने त्याला उचललं, हात झंपराच्या बटणापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.