यंत्रमोलकरणीचं शेवटचं भाषण

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

डबिंगमध्ये इतकी वर्षं नुसत्या शेजारणी आणि नर्सबाई बोलले, आता थेट नायिका! नायिका म्हणजे यंत्र आहे, घरकाम करणारं. ते एक दिवस मालकाला नाही म्हणतं आणि माणसासारखे हक्क मागतं. दिग्दर्शक म्हणाले, हा सिनेमा राबणाऱ्या बायांचा आहे. मला अगदी भरून आलं. फक्त शेवटचं भाषण राहिलंय, पण त्याआधी माझ्याकडून बाराखडी, वारांची नावं, हसू, हुंदके असं काहीबाही रेकॉर्ड करून घेतायत. तू लगेच संशय घेशील, म्हणून आधीच हात जोडते. आईला सांग.

लोभ आहेच, तो वाढता राहो.
तुझी ठमी

९ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन, पण मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. उभा जन्म थिएटरात प्रोजेक्टरमागे गेला, असले सिनेमे मी कोळून प्यालोय. जगावर राज्य करणाऱ्या यंत्राला पुरुषाचा घोगरा आवाज, भांडी घासणाऱ्याला बाईचा गोड. यंत्र उलटलं की सगळं गाव त्याच्यामागे धावतं. ते विकून गब्बर झालेला शेठ मध्यंतरानंतर दिसतच नाही. मी यंत्राला भीत नाही, त्या शेठला भितो. अगं बये, सिनेमात बाराखडी कोण म्हणतं? आणि तुझे हुंदके साठवून त्यांना करायचंय काय? विचार त्यांना.

आईने अर्ध्या गल्लीला सांगून झालंय.

घशाला जप, माझा राग मानू नकोस.
दादा

१६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विचारलं. रेकॉर्डिंगवाला छताकडे बघत म्हणाला, असंच, पुढेमागे उपयोगी पडेल. मग मात्र मीही बिचकले आणि उरलेलं वाचायला साफ नकार दिला. तेव्हापासून त्यांचा फोन नाही. पण भाषण माझ्याशिवाय कसं होणार? येतील झक मारत!

आईला नमस्कार, तुला थोडा कमी.
ठमी

२० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

सिनेमा आमच्याकडे लागला. शेवटी तुला बोलावलंच म्हणायचं, कळवलं मात्र नाहीस, लबाड! यंत्र मालकाला ठणकावतं की हात तुम्ही बनवलेत, पण आवाज माझा आहे, तेव्हा शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. आई उठून टाळ्या वाजवत होती, शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती की ही माझी मुलगी. म्हणते, बाकी ठीक, पण ते भाषण ठमीने जीव ओतून म्हटलंय. मीही डोळे पुसले. मी उगाच संशय घेतला, चुकलो.

आहेस तश्शीच राहा.
दादा

२७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू चुकला नाहीस. मला कोणीही बोलावलं नाही. मी तिकीट काढून गेले आणि अंधारात माझाच आवाज ऐकत बसले. त्या भाषणातला एकही शब्द मी म्हटलेला नाही, माझ्या बाराखडीवरून यंत्राने तो जुळवलाय. मधला हुंदका तेवढा माझा, तो मी ओळखला. दादा, मला फार भीती वाटतेय. आता कोण कशाला बोलावेल मला? भांडणार आहे, सोडणार नाही.

आईला मात्र एवढ्यात काही सांगू नकोस. आयुष्यभर इतकं बोलले, पण तिला माझं आवडलं ते हेच.

लोभ असू दे.
ठमी