बंद पडणारं इंजिन आणि शीतलचा पहिला दिवस

मंगळवार, संध्याकाळ. गुरुग्राम.

आज कॅनडाहून शीतलचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ, दारात गुडघाभर बर्फ, जावई परगावी आणि लेकीचा नव्या नोकरीचा पहिला दिवस. गाडी काढायची तर आधी बर्फ हटवायला हवा, आणि बर्फ उडवायचं यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडत होतं.

मी आधी प्लग बदलायला लावला. तरी तेच. "बाबा, हा आपला दिल्लीचा जनरेटर नाहीये, यार!" चुकलंच माझं. आपल्याकडे जनरेटरचा प्लग काळा पडून तो बंद पडायचा, म्हणून तिकडेही तेच असणार?

मग तिला फोन इंजिनाजवळ धरायला सांगितलं. इंजिनाला जास्तीचं पेट्रोल मिळवून देणारा चोक ओढला की चालायचं, सोडला की धापा टाकत थांबायचं. शाळेत कविता म्हणताना मी असाच अडायचो. गुरुजी शब्द पुरवायचे तेवढ्यापुरता पुढे जायचो. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं!

"टाकीतलं पेट्रोल कधीचं गं?"

"गेल्या हिवाळ्यातलं."

इंजिन निवू दिलं. जुनं पेट्रोल काढून, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरमधलं, त्या जुन्या पेट्रोलच्या चिकट्यानं बुजलेलं बारीक भोक तिनं तारेनं हलक्या हातानं साफ केलं. शेजाऱ्याकडचं ताजं पेट्रोल भरलं. चोक सोडला. मी फोनचा आवाज वाढवून ऐकत होतो. थांबलं नाही. खरंच थांबलं नाही!

आत्ताच तिचा निरोप आला, वेळेत पोचली. हिवाळा संपला की टाकी रिकामी करायची, हे सांगायचं राहिलं. उद्या सांगेन. आज तिला तिचं ऑफिस डोळे भरून पाहू दे.