कोऱ्या पत्र्यावरचा उंचवटा

३ फेब्रुवारी २०२५
आजही यंत्राची सुई पत्र्यावर आपटली! दोनला खाणीत सुरुंग उडाला, टेबल हललं, टोक गेलं. लॅब अटेंडंट लहानूभाऊंनी टेबलाखाली सायकलच्या ट्यूब घातल्यात, तरी. "म्याडम, दोनच्या आत उरकत जा ना." उरकतेच आहे. पीएचडीची चार वर्षं नुसत्या सकाळींवर काढली.

५ फेब्रुवारी
जीव थाऱ्यावर नाही. अठराला कॉलेजात कायम नोकरीची मुलाखत. माझे गाइड हेमराज सर म्हणाले, "पेपर छापून आला, आता तुले कोण अडवते?" पेपरात आम्ही लिहिलंय — सोन्याच्या पत्र्यावरचा आमचा लेप प्रकाश पडला की फुगतो. भिंगातून जागा हेरायची, तिथे प्रकाश टाकायचा, वरून सुई फिरवायची. सुई टेकत नाही. केसाच्या लाखाव्या भागाइतकी फट राहते, तिच्यातून वीज झिरपते, त्यावरून उंची कळते. दिवा लागला की उंचवटा. दर वेळी!
अब्बांनी राजुऱ्यात अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलंय, मुलीनं शोध लावला. कसला, ते त्यांना विचारू नये.

६ फेब्रुवारी
लहानूभाऊंनी चुकीची डबी दिली. बारापर्यंत सगळं नेहमीसारखं, उंचवटा झकास. मग म्हणतात, "म्याडम, हा तं कोरा पत्रा होय. याले लेप लावाचा राह्यला."
लेपच नाही. मग फुगलं काय?
सुई. दिव्यानं तापून लांबली, फट राखायला यंत्रानं तिला वर ओढून घेतलं, आणि आम्ही त्याला उंचवटा म्हटलं. कोरा पत्रा कधी तपासलाच नाही! सुरुंगाआधी हातात येणारे तीन-चार तास कोऱ्या पत्र्यावर कोण घालवणार? एक सकाळ वाचवली आणि चार वर्षं घालवली. मीच मूर्ख.

७ फेब्रुवारी
पुन्हा केलं. तेच.

१२ फेब्रुवारी
मुलाखतीनंतर सांगितलं तर? लाज वाटली. पुन्हा तोच विचार आला. अब्बांचा फोन — "बेटा, आवाज़ को क्या हुआ?" सर्दी म्हटलं.

१३ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. वाटलं, हादरतील. ते चहा ढवळत राहिले. "कोऱ्या पत्र्यावरही उंचवटा येते, हे मले दिवाळीतच दिसलं होतं. पेपरवर पहिलं नाव तुहं आहे, शाजिया. इचार कर."
सरळ उठून आले.

१४ फेब्रुवारी
विचार केला. साडेदहाला नियतकालिकाला पेपर मागे घेण्याचं पत्र पाठवलं. पहिलं नाव माझंच आहे.