मला वाहत्या पाण्यातच सोडावे

मी, वैजयंती दत्तात्रेय कारखानीस, वय ६७, निवृत्त समुद्र-संशोधक, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मी जिवंत असतानाच येऊन वाद घालावा.

१. फ्लॅट भाची मनालीला. भाचा सुधीर म्हणाला होता, "आत्या, रिटायर झालीस ना, आता समुद्र पुरे." त्याला शोकेस द्यावी, आतल्या चिनीमातीच्या बदकांसह. त्यांना पाणी लागत नाही.

२. माझा खोल पाण्याचा थर्मामीटर आणि पाणी गाळायची रेशमी जाळी मनालीलाच. कारण लिहिणे भाग आहे. किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडालेला एक उंचवटा आहे. भरती-ओहोटीचे पाणी त्याच्या उतारावर आदळले की तळचे थंड, क्षारांनी भरलेले पाणी वर येऊन मिसळते. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे मासे येतात, असे मी नोकरीभर सांगत राहिले. आमचे साहेब डॉ. राजाध्यक्ष म्हणत, "बाई, तिथे काही मिसळत नाही. मी मोजलंय." बायकांना बोटीवर मनाई, म्हणून मोजणार तेच. पण त्यांना बोट लागायची, उलट्या व्हायच्या. त्यामुळे भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी थांबते, तेवढ्यातच ते नमुने घेत. पंखा बंद करून वारा येत नाही म्हणणारा माणूस.

३. गेल्या अमावास्येच्या उधाणात मनाली उरणच्या हरेश नाखव्याच्या बोटीने तिथे गेली आणि वाहत्या पाण्यात मोजून आली. धक्क्यावरूनच फोन केला, "मावशी, वरचं पाणी आजूबाजूपेक्षा दोन डिग्रीनं थंड आहे गं. जाळी तर पार हिरवी." हरेशने फोन ओढून घेतला, "बाय, तुमचा सायेब पानी बगायला गेलता का निजायला?" तेव्हापासून मला झोप नाही, आणि नकोही आहे.

एकदा मोजून सिद्ध होत नाही, हे मीही जाणते. म्हणून माझ्या ठेवी हरेशच्या बोटभाड्यावरच उडवाव्यात. सुधीरने हरकत घेतल्यास बदके परत घ्यावीत.

४. माझ्या अस्थी नाशिकला नेऊ नयेत. जिवंतपणी जिथे जाऊ दिले नाही त्या उंचवट्यावर, उधाणाच्या वाहत्या पाण्यात सोडाव्यात. आधी तापमान घ्यावे, मग मला सोडावे. डॉ. राजाध्यक्षांना बोटीवर आग्रहाने न्यावे. त्यांच्यासाठी आवळासुपारीची डबी देवघरात भरून ठेवली आहे.

सही : वै. द. कारखानीस
आमच्यासमोर सही केली :
डॉ. गीतांजली सबनीस
पोपट म्हात्रे, सोसायटीचे सेक्रेटरी
नेरूळ, २४ मार्च १९९६