वडिलांचा फॉर्म

अहो,

मी शिवूला घेऊन सोलापूरच्या डॉक्टरांकडं चालले आहे. दोन महिन्यांनी नंबर लागलाय. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात आहेत.

आपल्या लेकीला ऑटिझम नाही, ती लाडानं हट्टी झालीय, असं मोठ्या भाऊजींनी शाळेच्या लेटरहेडवर गोल शिक्का मारून लिहून दिलं आणि तुम्ही तो कागद कपाटात जपून ठेवलात. भाऊजी हेडमास्तर आहेत, डॉक्टर नव्हेत. अशा मुलांबद्दलच्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले, तर तिथलं जेवण लई चांगलं होतं एवढंच सांगत होते. मास्तरांनी शंका आली तर सांगावी. आहे का नाही ते ठरवायला मुलांच्या विकासाचे डॉक्टर, मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ नाहीतर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतात. नुसता गोल शिक्का तर चौकातसुद्धा अर्ध्या तासात करून मिळतो.

दवाखान्यानं आईला एक आणि वडिलांना एक असे फॉर्म पाठवले होते. तुमचा तुम्ही भाऊजींकडून भरून आणलात! अक्षर मात्र सुरेख. 'मूल कशाला घाबरतं?' यापुढं त्यांनी लिहिलंय, 'कशालाच नाही.' तो मी फाडला. कोरी झेरॉक्स टीव्हीपाशी आहे.

कुकरची शिट्टी झाली की शिवू कुठं जाऊन बसते, हे ठाऊक असेल तर फॉर्म भरा आणि अकराच्या एसटीनं या. दोनची वेळ आहे.

ठाऊक नसेल तर भाऊजींना विचारा.

दीपमाला