बिनमिठाच्या बटरचा केक

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. पत्र मिळालं.

केकला कोणतं बटर आणू, असं तू विचारलंस. खारं मिळालं तर तेच घे, फक्त वरून मीठ घालू नकोस. मी मात्र हल्ली बिनमिठाचंच आणते. ह्यांच्या पायांवर सूज आली होती, म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. काळजीचं काही नाही.

महिनाभर हे अळणी जेवतायत. कुरकुर नाही, पण चार घास खाऊन उठतात. मीही त्यांच्यासोबत अळणीच जेवते.

परवा ह्यांचा वाढदिवस झाला. केक करायला घेतला, तेव्हा घरात खाऱ्या बटरचा अर्धा पुडा उरला होता. एका तुकड्याने काय होतंय, असं मनात आलं, पण हात धजेना. परत चप्पल घालून दुकानात गेले आणि बिनमिठाचं घेऊन आले.

ह्यांनी एक घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, हेही नको झालं. तर म्हणाले, "यात काही कमी आहे असं वाटतच नाही गं." मग दुसरा तुकडा मागून घेतला. मी ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहिले.

बाबांना झोप लागते का? त्यांना यातलं एवढ्यात काही सांगू नकोस.

सूज अजून पुरती उतरलेली नाही. सोमवारी पुन्हा तपासणी आहे. तू धावत यावंस असं काही नाही, आई. पण आलीस तर मला बरं वाटेल.

तुझी,
थोरली