तुझ्या ट्रॉलीला गाडी बघताना

प्रिय सुमन,

जन्मभर तुला ‘रेखाची आई’ म्हणालो. आज कागदावर नाव लिहिताना हात जरा थबकला. तुला वाचता येत नव्हतं, बाहेरगावाहून आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो. हेही लिहून झालं की वाड्यावर, मेंढरांपाशी बसून मोठ्यानं वाचणार आहे.

लिहायचं कारण म्हणजे पाडव्याला नवीन पिकअप घ्यायची आहे आणि उद्या होकार कळवायचा आहे. आपली जीप आता घाटाच्या पायथ्यालाच धापा टाकते. काहीही विकत घ्यायचं म्हटलं की विश्वास ठेवायचं काम माझं आणि संशय घ्यायचं तुझं, अशी आपली वाटणी होती. तू गेलीस आणि तुझं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मला ते जमत नाही गं! संशय येतो, भरपूर येतो. पण तुझा संशय एका जागी जाऊन थांबायचा. माझा थांबतच नाही.

मागच्या आठवड्यात जावईबापूंबरोबर संभाजीनगरला शोरूमवर गेलो. विकणारा पोरगा हसरा, गळ्यात पट्टा, अंगाला घमघमणारं अत्तर. आम्ही काही विचारायच्या आधी चहा आला. मला तू आठवलीस. “आधी चहा पाजतोय म्हंजी काहीतरी झाकतोय,” असं बाजारात किती वेळा माझ्या कानात बोलली असशील!

“काका, मागं काय ओढायचंय?”

“ट्रॉली. दोन चाकी, जाळीची. मेंढ्यांची.”

“पिकअपला एवढा हौदा असताना ट्रॉली कशाला? भंगारात द्या ना! आणि हे मोठं मॉडेल घ्या.”

भंगारात! तुझी ट्रॉली!

देवगाव रंगारीच्या वेल्डरच्या डोक्यावर उभी राहून तू ती करून घेतली होतीस. तो बिचारा म्हणत होता, “मावशी, आनखी खाली घेतली तर जमिनीला टेकंल.” तू म्हणालीस, “टेकू दे. गाभण मेंढीला पाय धरून वर फेकायची नाय. तिनं तिच्या पायानं चढलं पायजे.” तो चिडला, “मग तुमीच चढून बघा!” आणि तू पदर खोचून खरंच चढलीस. सगळं दुकान हसलं. पिकअपचा हौदा छातीएवढा उंच, सुमन. त्यात गाभण मेंढी कशी चढेल? पण हे त्या पोराला सांगून काय उपयोग?

“आमची ट्रॉली ओढंल का?” एवढंच विचारलं.

“काका, डोंगर ओढेल!”

“मग हुक लावून द्या.”

“हुक कंपनी देत नाही. बाहेरून बसवला तर वॉरंटीचं मला सांगता येणार नाही.”

डोंगर ओढणारी गाडी, आणि तिला एक हुक नाही? मी म्हटलं, ट्रॉली जोडून, मेंढ्या भरून, घाट चढून दाखवा. तो हसला. ट्रायल रिकाम्या गाडीची असते म्हणाला.

एवढं सगळं होईपर्यंत संतोष, आपले जावई, गप्प उभे! नंतर त्या पोराला बाजूला घेऊन पाण्याच्या मशीनपाशी बराच वेळ कुजबुजत राहिले. एकमेकांना नावानं हाक मारत होते. माझ्याकडं एकदा बघितलं आणि आवाज आणखी खाली. त्या क्षणापासून माझा संशय गाडीवरून उठला आणि जावयावर जाऊन बसला. ओळखीच्या माणसाकडं गिऱ्हाईक आणलं की काही मिळत असेल का? ट्रॉली विकायची गोष्ट ह्यांचीच नसेल ना? देवापुढं दिवा लावतानाही डोक्यात तेच. हात जोडलेले आणि मनात जावयाची उलटतपासणी. देवाला काय वाटलं असेल?

तुलाही हे जावई कुठं पटले होते? लग्न ठरताना तूच म्हणालीस, “पोरगं बरं हाय, पण वाळूजच्या कंपनीतलं. मेंढराच्या वासानं नाक धरील.”

दोन दिवसांनी शोरूमचा फोन आला. “काका, आणा तुमची ट्रॉली. ट्रायलच्या गाडीला हुक बसवलाय.”

घे! नाही म्हणणारा माणूस एकाएकी हो का म्हणाला? मला ते जास्तच खटकलं.

तरी गेलो. आज सकाळी शेजारच्या अंकुशच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, मेंढ्या भरल्या आणि थेट शोरूमच्या काचेपुढं उभे राहिलो. वॉचमन धावत आला, “चाचा, ये बकरा मंडी नहीं है! किधर घुसा रहे?” काचेत दुसरा कळप दिसला म्हणून आपल्या मेंढ्यांनी असा गलका केला की आतले साहेबलोक बाहेर आले. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

आणि मला पाचोडचा बाजार आठवला. तू मेंढीचे दात नंतर बघायचीस. आधी विकणाऱ्याला तिच्याजवळ जाऊ द्यायचीस. तो जवळ आला आणि मेंढी मागं सरली, की तू काही न बोलता चालायला लागायचीस. मी मागून, “अगं, माल चांगला हाय!” तू म्हणायचीस, “तिला इचारलं मी.” पण पिकअप कुणाला बघून मागं सरते का? मी कुणाला विचारू?

अत्तरवाला पोरगा ट्रॉलीजवळ आला आणि मेंढ्या पार पलीकडच्या जाळीला जाऊन चिकटल्या. बघ, बघ! मनात म्हटलं. पण खरं सांगू? त्या वासानं मीही मागं सरलो होतो.

ट्रॉली जोडून दौलताबादच्या घाटात गाडी नेली. कंपनीतून थेट आलेले जावईबापूही बरोबर होते. चढली. चढेल असं वाटलंच होतं. भीती उताराची होती, भरलेली ट्रॉली मागून गाडीला ढकलते तेव्हा. गाडी ढळली नाही. तरी खाली थांबून हुक हातानं हलवून बघत होतो, तेवढ्यात एक गाभण मेंढी गर्दीत बसली; बाकीच्या तिला तुडवणार. मी पोचायच्या आत संतोष जाळी उघडून आत शिरले, कंपनीच्या बुटांसकट.

सुमन, एकही मेंढी मागं सरली नाही! तुझी ती म्हातारी पांढरकानी तर पुढं येऊन त्यांच्या गुडघ्याला डोकं घासायला लागली.

“जावईबापू, ह्या तुमाला कशा वळखत्यात?”

ते खाली बघूनच बोलले. “मामी दवाखान्यात होत्या तवा ड्यूटी सुटली की यायचो, मामा. मेंढरांना पाणी दाखवायला.”

“मला तर अंकुश म्हणाला, मी बघतो.”

“ते सकाळचं बघायचे.”

“मग बोलला का नाही?”

“त्यात काय बोलायचं?” मेंढीला हातानं सावरत ते हसले. “मामीला कळलं होतं. भेटायला गेलो तर शर्टाला वास आला त्यांना. म्हणल्या, पोरा, तू नाक धरलं नायस.”

तुला माहीत होतं! आणि मला सांगितलं नाहीस? मी सगळा आठवडा कुढत होतो की गं! की तुला वाटलं, ह्यांचं त्यांना कळू दे? येताना रेखाच्या बापाला जावयाच्या शेजारी बसून तोंड वर करता येईना.

मशीनपाशी ते काय कुजबुजले, हुक कुणाच्या शब्दावर बसला, याचा आता थोडा अंदाज येतो. पण विचारलं नाही. विचारणार नाही. अत्तरवाल्याकडून मात्र हुकाचं सगळं लिहून घेतल्याशिवाय होकार देणार नाही. तेवढा संशय ठेवू दे मला!

पाडव्याला नारळ आधी तुझ्या ट्रॉलीपुढं फुटेल, मग गाडीपुढं. आणि तो संतोष फोडतील. ट्रॉली माझ्या हयातीत विकली जाणार नाही. पहिल्या खेपेला पाचोडला गाभण मेंढ्या तिच्यातूनच नेईन. त्या आपल्या पायानं चढतील, हा माझा शब्द.

तुझा,
रेखाचा बाप